घेतलेल्या दिवसांचे देणे

लिंगमपल्ली हे हैदराबादच्या पश्चिम टोकाचे रेल्वेस्थानक. एरवी त्याची मुद्दाम आठवण काढावी असे तेथे काही नाही. परंतु १ मे २०२० रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, पहाटेच्या अंधारात या स्थानकातून सुमारे बाराशे मजुरांना घेऊन एक गाडी झारखंडातील हटियाकडे निघाली. आणि टाळेबंदीच्या काळात मजुरांना गावी पोहोचविण्यासाठी देशात सुटलेली ती पहिली गाडी ठरली. हे मजूर संगारेड्डी जिल्ह्यातील कंदी येथे, हैदराबादच्या आयआयटीच्या आवारातील बांधकामावर होते. दोनच दिवस आधी, २९ एप्रिलला, त्यांनी तेथे उग्र निदर्शने केली होती. मागण्या दोन होत्या: आमची मजुरी द्या आणि आम्हांला घरी जाऊ द्या. गाडी हे दुसऱ्या मागणीचे उत्तर होते. पहिल्या मागणीच्या मागे जो प्रश्न उभा होता, त्याचे उत्तर मात्र, त्या बाराशेंपुरते नव्हे तर देशातील कोट्यवधी मजुरांपुरते, अद्यापि कोणत्याही कायद्याने दिलेले नाही. त्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. संकट टळले की माणूस ते विसरू पाहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु विसरण्यापूर्वी हिशेब पुरा करावा, ही आपल्याकडील व्यवहाराची रीत. आणि हा हिशेब पुरा झालेला नाही. तो पुरा झाला, इतकेच काय, सरकारांनी देणे लागत होते त्याहून अधिकच दिले, असे मत मात्र सुशिक्षित वर्गात रूढ झालेले दिसते. ‘तांदूळ दिला, खात्यावर पैसे टाकले, गाड्या सोडल्या, याहून सरकारने काय करावयाचे होते?’ हा प्रश्न काचीगुड्यात आणि सुलतान बाजारात मराठी मंडळींच्या बैठकांतून आम्ही अनेकदा ऐकला आहे. विचारणारे सज्जन असतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत स्वतःच्या घरून जेवणाचे डबे नेऊन वाटले होते. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे वाटते.

जे दिले गेले ते प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. तेलंगणा सरकारने पांढऱ्या शिधापत्रिकेवर माणशी १२ किलो तांदूळ आणि कुटुंबामागे १,५०० रुपये दिले. परप्रांतीय मजुरांपाशी येथील शिधापत्रिका नव्हती. तरीही त्यांना माणशी १२ किलो तांदूळ वा आटा आणि ५०० रुपये देण्याचे मार्च २०२० च्या अखेरीसच जाहीर झाले. परक्या मजुराची इतक्या लवकर आठवण झाली, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने २६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. शिधापत्रिकाधारकांना माणशी ५ किलो धान्य फुकट, वीस कोटींहून अधिक स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये, लहान आस्थापनांतील कमी पगाराच्या नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता सरकारकडून, अशी तिची कलमे होती. पुढे श्रमिक गाड्यांतून सुमारे ६३ लाख लोक गावी पोहोचले. १ जून २०२० पासून फेरीवाल्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजनाही सुरू झाली.

या धान्याने असंख्य घरांत चूल पेटली. मदत झालीच नाही, असा आमचा आक्षेप मुळीच नाही. आक्षेप असा आहे की, जे देणे होते त्याला दान म्हटले गेले. आणि एकदा दान म्हटले की किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, कोणाला द्यावयाचे, हे सारे देणाऱ्याच्या मर्जीवर जाते.

हे देणे होते असे कशावरून म्हणावयाचे? याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. २०२० साली वर्तमानपत्रांनी सरकारी हुकमाला ‘टाळेबंदी’ हा शब्द योजला. हा शब्द नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात आणि सोलापुरात तो पिढ्यान् पिढ्या वापरात होता, आणि त्याचा अर्थ मालकाने गिरणीच्या दाराला लावलेले टाळे असा होता. संप आणि टाळेबंदी यांतला भेद तेथील अक्षरशत्रू मजुरालाही पक्का ठाऊक असे. संपात मजूर आपण होऊन हात थांबवितो, म्हणून बुडालेल्या दिवसांची मजुरी त्याने सोडलेली असते. टाळेबंदीत मजूर दाराशी कामाला हजर असतो आणि मालक त्याला आत घेत नाही, म्हणून त्या दिवसांच्या मजुरीवर तो हक्क सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादचा मजूर असाच हजर होता. पहाटे चौकातल्या अड्ड्यावर उभा राहून कामाची वाट पाहणारा मजूर, ज्याला येथे ‘अड्डा कूली’ म्हणतात, तो आळसाने घरी बसला नव्हता. अड्ड्यावर उभे राहणेच बेकायदा ठरविले गेले होते. या खेपेस टाळे मालकाने लावलेले नव्हते, सरकारने लावलेले होते. ते लावणे आवश्यक होते की नाही, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. साथ भयंकर होती आणि लोकांचे प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्यच होते. परंतु टाळे लावण्याचे कारण कितीही योग्य असले, तरी दाराबाहेर राहिलेल्याचे देणे त्यामुळे फिटत नाही.

हे तत्त्व आमच्या पदरचे नाही. रस्ता, धरण, विमानतळ अशा सार्वजनिक कामासाठी सरकार खासगी जमीन घेते, तेव्हा मोबदला देते. हैदराबादभोवतीचा बाह्यवळण रस्ता झाला तेव्हा गावोगावच्या जमिनी अशाच घेतल्या गेल्या. मोबदला कमी की अधिक, यावर तंटे होतात, तो उशिरा मिळतो, कोर्टकचेऱ्या होतात; पण मोबदला देणेच लागत नाही, असे कोणतेही सरकार म्हणत नाही. आता विचार करा. ज्याच्यापाशी जमीन आहे त्याची जमीन सार्वजनिक हितासाठी घेतली तर ते देणे ठरते. ज्याच्यापाशी दोन हात आणि रोजचा दिवस एवढीच मालमत्ता आहे, त्याचा दिवस त्याच सार्वजनिक हितासाठी घेतला तर मात्र त्याला तांदूळ दिला जातो आणि त्याने आभार मानावे अशी अपेक्षा केली जाते. २५ मार्च ते ३१ मे २०२० या चार टप्प्यांच्या टाळेबंदीत असे ६८ दिवस मोडतात. कामे काही ठिकाणी मध्येच सुरू झाली, हे खरे. पण सगळ्यांची झाली नाहीत, आणि त्यापुढेही महिनेन् महिने रोजगार पूर्ववत झाला नाही.

त्या एका दिवसाचा भाव काय? तोही सरकारनेच सांगितला आहे. २६ मार्चच्या त्याच योजनेत ग्रामीण रोजगार हमीची सरासरी मजुरी १८२ रुपयांवरून २०२ रुपये केल्याचे जाहीर झाले होते. म्हणजे अकुशल माणसाच्या एका दिवसाचे मोल सरकारच्या वहीत २०२ रुपये होते. आता मिळाले किती ते पाहा. जनधन खात्यात दरमहा पडणारे ५०० रुपये म्हणजे दिवसाला सुमारे १७ रुपये. परप्रांतीय मजुराचे ५०० रुपये एका महिन्याचे धरले तर तेही तितकेच. काम केलेल्या दिवसाला २०२, आणि हुकमाने काम हिरावलेल्या दिवसाला १७! या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे सरकारची गरिबी नव्हे. ते देणे आणि दान यांतील अंतर आहे.

कायद्यांच्या बाबतीत तर नवल अधिकच आहे. तेलंगणाने मार्च २०२० मध्ये साथीसंबंधी जे नियम काढले, ते १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. हा कायदा मुंबईच्या प्लेगमधून जन्मास आला. मोजक्या कलमांचा हा कायदा. त्यात सरकारने लोकांना कसे अडवावे, तपासावे, वेगळे ठेवावे याचे अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे, आणि आज्ञा बजावणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे अभयही आहे. ज्याला अडविले त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजणार, याविषयी एक अक्षर नाही. परक्या राज्यकर्त्यांचा तो कायदा. त्याने प्रजेच्या भाकरीची चिंता वाहिली नाही, यात आश्चर्य नाही.

परंतु देशव्यापी टाळेबंदीचा हुकूम २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघाला होता, आणि तो कायदा आपल्या संसदेचा आहे. त्याच्या १२ व्या कलमात आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या किमान मदतीचे निकष ठरविण्यास सांगितले आहे. मृत्यू आल्यास सानुग्रह साहाय्य, घराची हानी झाल्यास साहाय्य, आणि उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करण्यासाठी साहाय्य, असे तीन विषय त्यात स्पष्ट नमूद आहेत. यांतील पहिल्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निकष ठरविण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर मृताच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचे ठरले. तिसऱ्या विषयाचे, म्हणजे उपजीविकेचे, असे कोणतेही ठाम माप ठरले नाही. म्हणजे कमावता माणूस साथीत मेला तर कायद्याने त्याची किंमत धरली. तो जगला आणि नुसता बेकार झाला, तर त्याच कायद्याचे त्याच कलमातील शब्द कोरे राहिले.

सरकारला हे तत्त्व मान्यच नव्हते असेही म्हणता येत नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने हुकूम काढला की, टाळेबंदीच्या काळात सर्व मालकांनी आपल्या कामगारांना कपात न करता ठरल्या दिवशी मजुरी द्यावी. म्हणजे घरी बसविलेल्या मजुराला मजुरी मिळाली पाहिजे, हे मान्य होते. फक्त ती दुसऱ्याने द्यावयाची होती! आणि दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, तेलंगणा सरकारने स्वतःच्या नोकरांच्या पगारांत कपात जाहीर केली. मंत्र्यांची ७५ टक्के कपात आपण समजू शकतो. परंतु सर्वसाधारण नोकरांचे ५० टक्के, निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांचे ५० टक्के आणि चतुर्थ श्रेणीच्या शिपायाचेही १० टक्के त्या यादीत होते. पुढे ही कपात नव्हे, तहकुबी आहे असे सांगण्यात आले आणि रकमा नंतर देण्यात आल्या, हेही सांगितले पाहिजे. पण त्या घडीला चित्र असे होते की, सरकार लहानशा कारखानदाराला सांगत आहे, धंदा बंद असला तरी पुरा पगार दे. आणि ज्याच्यापाशी कर बसविण्याचा व कर्ज काढण्याचा अधिकार आहे ते सरकार आपल्या शिपायाचे दहा टक्के अडवून धरीत आहे.

मालकांवरचा हुकूमही टिकला नाही. १८ मे पासून तो मागे घेण्यात आला. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे सांगून, त्या दिवसांच्या मजुरीचा प्रश्न मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटीने सोडवावा, असे म्हटले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या मजुराने वाटाघाट कोणाशी आणि कोठे करावयाची होती? ज्या कंत्राटदाराचे आडनावही त्याला ठाऊक नव्हते, त्याच्याशी?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ‘द्यावयाचे कबूल, पण द्यावयाचे कोणाला? मजूर कोण, किती, कोठे, हेच ठाऊक नव्हते.’ हे खरे आहे. परंतु ते समर्थन नव्हे, तो कबुलीजबाब आहे. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये जाहीर केले की, काम थांबलेल्या नोकराच्या पगाराचे ८० टक्के, दरमहा २,५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकार देईल. आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत ही योजना चालविली. जर्मनीत काम कमी झालेल्या कामगाराच्या बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्सा भरून देण्याची व्यवस्था साथीच्या कितीतरी दशके आधीपासून कायद्यात होती. त्या देशांची श्रीमंती हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, प्रत्येक पगारदाराचे नाव तेथे संकटापूर्वीच वहीत होते. आपल्याकडेही ज्याचे नाव वहीत होते त्याला थोडे तरी मिळालेच. राज्य विमा योजनेतील कामगाराची नोकरी गेली तर अटींवर तीन महिने अर्ध्या मजुरीइतके साहाय्य देण्याचे ऑगस्ट २०२० मध्ये ठरले. पण दहांतील नऊ कामगार या वहीच्या बाहेरचे.

ते बाहेर राहिले ते कायद्याच्या अभावी नव्हे. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराची नोंद ठेवावी, त्याला स्थलांतराचा भत्ता व जाण्यायेण्याचे भाडे कंत्राटदाराने द्यावे, असे सांगणारा कायदा १९७९ पासून होता. तो पाळला गेला असता तर २०२० च्या मे महिन्यात तिकिटाचे पैसे कोणी द्यावयाचे, यावर देशभर जो लाजिरवाणा वाद झाला तो होताच ना. बांधकामावर एक ते दोन टक्के उपकर बसवून मजुरांसाठी कल्याणनिधी उभारणारा कायदा १९९६ साली झाला होता. टाळेबंदी आली तेव्हा देशभरातील या निधीत सुमारे ३१,००० कोटी रुपये पडून होते. अर्थमंत्र्यांनीच ते सांगून राज्यांना तो वापरण्यास सुचविले. पैसा मजुराच्या नावे जमला होता, परंतु मजुराचे नाव जमले नव्हते. हैदराबादच्या गच्चीबावलीतील उंच इमारतींचा उपकर येथल्या मंडळाकडे गेला. त्या इमारती बांधणारा ओडिशाचा वा झारखंडाचा मजूर येथल्या यादीत नसेल, तर त्या पैशाशी त्याचा संबंध कोणता?

असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली ती २६ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे टाळेबंदीनंतर सतरा महिन्यांनी. तीत आजवर ३० कोटींहून अधिक नावे चढली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिताही अमलात आल्या. हे सारे स्वागतार्ह आहे. पण उद्या पुन्हा टाळे लागले तर या ३० कोटींपैकी एकाला तरी, ‘माझ्या बुडालेल्या दिवसाचे अमुक इतके मला मिळालेच पाहिजे’ असे म्हणता येईल काय? येणार नाही. वही झाली, वहीत जमेच्या बाजूला लिहावयाचा आकडा अजून ठरलेला नाही.

दुसरा आक्षेप आळसाचा. काम न करता पैसे मिळाले की माणूस बिघडतो, असे म्हणतात. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढेच आठवावे की, त्या काळात पगारदार वर्गापैकी पुष्कळांनी महिनेन् महिने घरी बसून पूर्ण पगार घेतला, आणि ते बिघडल्याचे ऐकिवात नाही. शिवाय अर्ध्या मजुरीचे तत्त्व आपल्या कायद्यात जुनेच आहे. कारण मजुराचे नसताना काम थांबले तर त्याला निम्मे वेतन द्यावे, अशी दुरुस्ती औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ सालीच झाली होती. ती पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती होती, एवढेच. जे कारखान्याच्या भिंतीच्या आत न्याय्य, ते भिंतीबाहेर आळसाला उत्तेजन कसे ठरते?

तिसरा आक्षेप तिजोरीचा. साधा गुणाकार करून पाहू. ६८ दिवसांची २०२ रुपयांप्रमाणे मजुरी १३,७३६ रुपये होते. दहा कोटी मजुरांना ती दिली असती तर सुमारे १ लाख ३७ हजार कोटी लागले असते. अर्धीच दिली असती तर तेवढ्याच रकमेत वीस कोटी मजूर सामावले असते. ही रक्कम लहान नाही. पण टाळेबंदीच्या केवळ सहा महिने आधी, २० सप्टेंबर २०१९ रोजी, कंपन्यांवरील कर कमी करताना वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडल्याचे सरकारनेच जाहीर केले होते. तो निर्णय योग्य की अयोग्य, हे अर्थशास्त्र्यांनी ठरवावे. तिजोरीत तेवढी जागा होती, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

आणि महाराष्ट्राने तर याहून गरीब काळात हे करून दाखविले आहे. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक प्रयोग सुरू केला: जो काम मागेल त्याला काम. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तोच विचार राज्यभर कामी आला. मराठवाड्यातील किती घरे त्या वेळी खडी फोडून जगली, हे आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल; आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग असलेल्या त्या मराठवाड्याशी या शहराचे नाते सांगावयास नको. दुष्काळ संपल्यावर महाराष्ट्र ते विसरला नाही. १९७७ साली त्याचा कायदा केला आणि काम मागणे हा हक्क ठरविला. पैसा कोठून आला? शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर १९७५ साली बसविलेल्या व्यवसाय करातून, आणि तितकीच भर राज्याने घालून. गावच्या मजुराच्या हक्कासाठी शहराने कर भरला, आणि कोणी त्याला दान म्हटले नाही. २००५ साली देशाने त्याच वाटेने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला. शहरातील मजूर मात्र दोन्ही वेळा बाहेर राहिला. आणि २०२० चे टाळे सर्वांत आधी व सर्वांत घट्ट त्याच्याच दाराला लागले.

८ मे २०२० या दिवसाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. त्या दिवशी पहाटे जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर, औरंगाबादजवळ करमाड येथे थकून रुळांवर निजले असता, मालगाडीखाली सापडले. सोळा जण गेले. औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. आणि ते रूळ, हैदराबादला मनमाडशी जोडणाऱ्या निजामकालीन लोहमार्गाचे. त्याच दिवशी हैदराबादेत लिंगमपल्लीला बिहारमधील खगड्याहून एक खास गाडी आली. तेलंगणाच्या भातगिरण्यांना हंगामात हमाल हवे होते. त्यांतले सव्वादोनशेच्या आसपास मजूर तिच्यातून उतरले आणि त्यांचे स्वागत झाले. भातगिरण्या चालणे आवश्यक होते, त्यांत दोष नाही. पण यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. मजूर कोठे आहे, त्याला कसे शोधावयाचे, त्याच्यासाठी गाडी कशी सोडावयाची, हे सरकारला उत्तम जमते. मजुराची गरज सरकारला असली की जमते.

आपल्यापैकी कोणी असे समजू नये की हा प्रश्न दुसऱ्यांचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये तेलंगणा सरकारने मान्यताप्राप्त खासगी शाळांतील शिक्षकांना, शाळा बंद असल्यामुळे, दरमहा २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ देऊ केला. पदवीधर मास्तर आणि बाई पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या. तोवर सुमारे एक वर्ष त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी विचारले नव्हते. ऑक्टोबर २०२० च्या महापुरानंतर हैदराबादेत पूरग्रस्त कुटुंबांना १०,००० रुपये देण्याचे ठरले. मी-सेवा केंद्रांसमोर मैलभर रांगा लागल्या, आणि महापालिकेची निवडणूक आली म्हणून नोव्हेंबरात निवडणूक आयोगाने वाटप थांबविले. दान असे असते. निवडणुकीआधी येते आणि निवडणुकीसाठी थांबते. मुंबईच्या बंदराबाहेर एप्रिल २०२० मध्ये प्रवासी जहाजांवर अडकून पडलेले गोव्याचे तारवटी आमच्या कोंकणी वाचकांना आठवत असतील. आणि या तेलंगणातून गेलेल्या माणसांनीच एके काळी मुंबई बांधली. कामाठीपुऱ्याचे नाव त्यांच्यावरून पडले, सोलापूरचे माग पद्मशाली विणकरांनी चालविले. कोणी कोठे परका, हे केवळ त्या त्या पिढीच्या पोटावर अवलंबून असते.

आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना आम्ही एप्रिलचा पगार पुरा दिला, मे महिन्याचा अर्धा दिला, आणि जूनमध्ये ‘आता बघू’ म्हणालो. दिले ते मोठे दान केल्यासारखे वाटले. त्यांनीही ते उपकार म्हणूनच घेतले आणि पुढे कधी न मागता दोन कामे अधिक केली. त्या येण्यास तयार होत्या. दार आम्ही लावले होते. तीन महिन्यांचा पगार हा त्यांचा होता, आमचा नव्हता, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. सरकारला जे विचारावयाचे ते आधी स्वतःला विचारले, म्हणून सांगण्याचा अधिकार थोडासा मिळाला असे वाटते.

आमचे म्हणणे तीन वाक्यांत सांगता येईल. सरकारच्या आज्ञेने काम थांबले तर प्रत्येक थांबलेल्या दिवसाची, निदान किमान वेतनाच्या निम्मी, मजुरी मिळणे हा मजुराचा कायदेशीर हक्क ठरवावा. मजुराची नोंद तो जेथे काम करतो तेथे व्हावी, आणि त्याने राज्य बदलले तर ती त्याच्याबरोबर जावी. यासाठी लागणारा पैसा संकट आल्यावर शोधू नये. बांधकामाचा उपकर आणि व्यवसाय कर यांतून दरवर्षी वेगळा काढून ठेवावा. हैदराबादेतील पगारदाराच्या वेतनातून दरमहा २०० रुपयांपर्यंत हा कर आजही कापला जातो. त्यातला काही भाग अड्ड्यावरच्या मजुराच्या नावे जमा होऊ लागला, तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी केले त्याहून वेगळे असे काही होणार नाही.

पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती आली की पुन्हा टाळे लावावे लागेल, हेही शक्य आहे, आणि तेव्हा आपण सारे ते मुकाट्याने मानू. परंतु टाळे लावणाऱ्याच्या एका हातात किल्ली असते. दुसऱ्या हातात मजुरीची वही असली पाहिजे. ती वही साथ येण्यापूर्वी तयार करावयाची असते, आणि त्यासाठीचा काळ हाच आहे.